एका दिवसाचे तीस दिवस

१६/९/१७ शनिवार

दवाखान्यातली नर्स म्हणाली, डोळ्यात थेंब किती वेळा घातले ते रोज तारीख टाकून लिहून ठेवा, नाहीतर विसराल. मी म्हटलं, मी काही विसरत नाही. ती म्हणाली, सगळे असंच म्हणतात. म्हणून लिहिते. नवी वही आणायला जाणार नाही. दुकानाचीच वही, समोरून पंप लिहायचे, मागून डोळे.

सकाळी दोन थेंब, दुपारी दोन, संध्याकाळी दोन.

माझी शाळा चौथीपर्यंत. वेलांट्या चुकतील. कोणी तपासायला बसलं नाही.

झालं ते असं. सोमवारी, अकरा तारखेला, एक गिऱ्हाईक फवारणीचा पंप घेऊन आलं. टाकीत औषध तसंच ठेवून आलं, मूर्ख. आपलं बोरी अरबमधलं दुकान म्हणजे सात फूट बाय नऊ, त्यात चार माणसं उभी. यंदा कापूस माणसाच्या डोक्याएवढा झाला, फवारे थांबत नाहीत, म्हणून पंपांची रांग. हे, आमच्या फैजचे अब्बा, नळी उघडत होते. मी म्हटलं, चला ना लवकर, खटका दाबून पाहा न् द्या त्याला. त्यांनी दाबला. टाकीत हवा भरलेली होती. नळी सुटली आणि सगळं औषध तोंडावर.

पाण्यानं धुतलं. ते म्हणाले, काही नाही. सकाळी डोळे उघडेनात, उलटी झाली, मग मंगळवारी यवतमाळले नेलं. भरती केलं. आज सुट्टी दिली.

मी फक्त घाई केली. घाई तर मी रोज करते.

१९/९ मंगळवार

थेंब तीनदा.

सरकारी डॉक्टर म्हणाले होते की बुबुळाला इजा आहे, महिन्याभरात नागपूरच्या मोठ्या डॉक्टरला दाखवा. फैजनं पुण्याहून फोन करून विचारलं, तर त्या डॉक्टरची तारीख जानेवारीतली मिळते म्हणे. जानेवारीत काय डोळ्यांची हाडं दाखवू?

आज दारव्ह्याच्या एका संस्थेची बाई घरी आली. कुंदाताई नाव. माझ्याच वयाची, केसाला मेंदी, खांद्याला कागदांची पिशवी. फवारणीत ज्यांच्या डोळ्यांना झालं त्यांची यादी करून राह्यले. यादीत नाव असलं की संस्थेच्या गाडीनं नागपूर, मोठा डॉक्टर याच महिन्या-दोन महिन्यांत. पण नियम एक. औषध पडल्यापासून सात दिवसांच्या आत भरती झालेलाच माणूस घेणार, नाहीतर लोक जुना मोतीबिंदू पण घुसवतात म्हणे.

मी म्हटलं, आमचा तर दुसऱ्याच दिवशी.

"मग भाभी तुमचं नाव पक्कं समजा," ती म्हणाली.

घटना ११/९, भरती १२/९, असं तिनं माझ्यासमोर फॉर्मवर लिहिलं. ह्यांनी सही केली ती रेघ सोडून वर, तिच्या अंगठ्यावरच पेन नेला. मी म्हटलं, सरळ बसून करा. कुंदाताईनं त्यांचा हात धरून रेघेवर ठेवला. बाई बरी वाटली. बोलते फार.

२५/९ सोमवार

थेंब तीनदा. हे दुकानात बसू लागले. डोळे मिटून काम करतात. म्हणे, उजेड टोचते, मिटले की बरं वाटते. वायसर बदलला, चेंडू बसवला, नोझल आवळलं, सगळं मिटल्या डोळ्यांनी. आमचं जुनं गिऱ्हाईक डोमाजीभाऊ, त्याच्याही डोळ्यात फवारा गेलेला, पाहतच राह्यला. मी म्हटलं, तीस वर्षांचा हात आहे, डोळे कशाला लागतात.

पितळेची नोझलं मात्र प्लास्टिकच्या डब्यात टाकली. सगळा डबा निवडत बसली मी.

२८/९ गुरुवार

ह्यांनी चहा सांडवला. रोजच्यासारखा कप उजव्या हाताला स्टुलावर ठेवला तर कोपर मारून सगळा वहीवर. गेल्या महिन्याचे पंप पुसून गेले. मी बोंबलली. ते फडकं शोधत राह्यले, फडकं मांडीवरच होतं.

आजकाल मी समोर उभी राहिली तरी माझ्याकडं न पाहता बोलतात. रुसले असतील. रुसा.

थेंब तीनदा.

४/१०/१७ बुधवार

यादी लागली. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर. डोमाजीभाऊ वाचून आला आणि दुकानाच्या पायरीवर बसला.

"भाभी, माह्यं बी नाही न् तुमचं बी नाही."

"नीट पाह्यलं का?"

"खाली वेगळी यादी हाये. नामंजूर. त्यात आपण."

मी शटर अर्धं ओढून गेली. बोट ठेवून वाचलं. अब्दुल गनी, बोरी अरब, उशिरा भरती, ३० दिवस. तीस! म्हणजे माझ्या माणसाच्या डोळ्यात औषध गेलं आणि मी महिनाभर त्याला घरी ठेवलं. भिंतीवर लिहून ठेवलं, सगळ्या गावानं वाचावं म्हणून. पाणी भरायला आलेली बसंतीबाई म्हणाली, "असू दे वो, कोणी वाचत नाही." ती स्वतः तिथंच उभी राहून वाचत होती. तिचंही नाव नामंजुरात. ती तांड्यावरची, औषध पाण्यात कालवून देत होती, तिच्या डोळ्यात उडालं.

पहिली गाडी १४ ला, दुसरी १७ ला. दहा तारखेनंतर नाव घालता येणार नाही असंही खाली लिहिलं.

ह्यांना सांगितलं. म्हणाले, "जाऊ दे ना, जैबुन. आराम पडून राह्यला."

मी म्हटलं, तुमच्या आरामाचं नाही, माझ्या तीस दिवसांचं आहे.

थेंब दोनदाच. दुपारचे राह्यले.

५/१० गुरुवार

काळीपिवळी जीपनं दारव्ह्याला गेली. निघताना दवाखान्याचं कार्ड ह्यांना दिलं, म्हटलं वाचा बरं तारीख, मी बरोबर वाचली का पाहते. म्हणाले, "तूच वाच. तू वाचते तं मले बरं वाटते." एवढ्या वर्षांत असं कधी म्हटलं नाही. मी आपली वाचली. भरती १२/९, सुट्टी १६/९.

कुंदाताई एका छोट्या खोलीत कॉम्प्युटर घेऊन बसलेली. कॉम्प्युटर नवा, वरचं प्लास्टिकही काढलेलं नाही. मी कार्ड टेबलावर आपटलं.

"अकरातून बारा, किती दिवस झाले ताई? तुम्ही किती शिकल्या?"

"बीए."

"मी चौथी. माझ्या हिशेबानं एक होते."

ती लाल झाली. पडद्यावर आमची ओळ काढून दाखवली. घटना ११/९, भरती १२/९. बरोबर! आणि शेजारच्या खान्यात ३०.

"हे कोणी लिहिलं?"

"मी नाही लिहिलं भाभी. वजाबाकी तो आपोआप करतो."

"मग आपोआप पुसा."

"तसं नाही ना करता येत. साहेब म्हणतात, हातानं आकडा बदलला तर लोक म्हणतील आपल्या माणसाचं घुसवलं."

साहेब म्हणजे नरहर साहेब. रिटायर झालेले, चष्मा कपाळावर. ते आतून म्हणाले, "बाई, कॉम्प्युटर कोणाच्या ओळखीचा नसतो. माणसाची चूक होते, यंत्राची नाही. तुमच्या फॉर्ममध्येच काहीतरी असेल."

मी म्हटलं, साहेब, तीस वर्षं यंत्रंच दुरुस्त करतो आम्ही. चुकत नसती तर उपाशी मेलो असतो.

हसले नाहीत. म्हणाले, पाहू.

पाहू म्हणणाऱ्या माणसाचा मला फार राग येतो. येताना बसस्टँडवर भजी घेतली, खाल्ली नाहीत, गाईला घातली.

थेंब तीनदा.

६/१० शुक्रवार

डोमाजीभाऊ आणि बसंतीबाई दोघं दुकानात. मी दोघांना विचारलं, तुमचे किती दिवस उशिरा?

डोमाजी म्हणाला, अठ्ठावीस. बसंतीबाईचे एकतीस.

"खोटं बोलू नका, खरंच किती दिवसांनी गेले?"

डोमाजी चिडला. "भाभी, बकरीदच्या दिवशी तुमच्या घरी आल्तो ना वायसर मांगाले? तुम्ही शिव्या दिल्या ना मले, आज सणाचं तरी सोड म्हणून? त्याच दिवशी फवारलं. दुसऱ्या दिवशी माह्या पोरीनं बैलगाडीत घालून नेलं."

शिव्या दिल्या होत्या. बकरीद दोन तारखेला. भरती तीन.

बसंतीबाईचं औषध उडालं ते गणपती बुडवायच्या दिवशी, पाच तारखेला. भरती सहा. "ढोल वाजत होते, मले दिसत नव्हतं," ती म्हणाली.

सगळ्यांना एकाच दिवसाचा उशीर. कोणाचे अठ्ठावीस, कोणाचे तीस, कोणाचे एकतीस. आणि भगवानराव, ज्यानं पंधराला फवारलं आणि सोळाला भरती झाला, त्याचं नाव मंजूर. तो काय साहेबाचा साडू आहे? मी विचारून आली. नाही.

थेंब तीनदा. जुम्याला हे मशिदीत एकटे गेले नाहीत, शेजारच्या अरसलानचा खांदा धरून गेले. म्हणे उन्हानं चक्कर येते.

८/१० रविवार

आज दुकान बंद. डोकं नाही चालत म्हणून मी अंगणात शेंगा फोडत बसली आणि बडबडत होती. अठ्ठावीस, तीस, एकतीस. अठ्ठावीस, तीस, एकतीस.

हे बाजेवर बसून होते. म्हणाले, "महिने मोजून राह्यली का?"

"कोणते महिने?"

"फेब्रुवारीचे अठ्ठावीस, नोव्हेंबरचे तीस. हात आण."

हात आण म्हणाले आणि माझी मूठ चाचपडून धरली. बोटांची हाडं एकेक दाबत गेले. हाडावर जानेवारी, खड्ड्यात फेब्रुवारी, हाडावर मार्च. आम्ही शाळेत असंच मोजायचो. मी म्हटलं, सोडा, रस्त्यावरून लोक जातात. नाही सोडली. ह्या वयात.

पण हात सुटल्यावर मी शेंगा फोडल्या नाहीत. कोणी माणूस नेमका एक महिना थांबून दवाखान्यात जात नाही. एका दिवसाचा कोणीतरी महिना करून राह्यला. डोमाजीच्या दोन आणि तीनच्या मधात फेब्रुवारी बसवला. आमच्या अकरा आणि बाराच्या मधात नोव्हेंबर. दुसऱ्या महिन्यातून तिसरा, अकराव्यातून बारावा! त्या मशीनला तारीख महिना वाटते आणि महिना तारीख.

मग भगवानरावचं काहून बरोबर आलं? पंधरावा महिना नसतो म्हणून?

उद्या पहिली काळीपिवळी.

थेंब चारदा. खुशीत एकदा जास्त घातले.

९ ऑक्टोबर, सोमवार

महिना अक्षरात लिहिला. इथून पुढं असाच लिहीन.

कुंदाताई कुलूप उघडत होती तेव्हाच मी पायरीवर. म्हटलं, कॉम्प्युटर लावा आणि मला सगळी यादी दाखवा, बोलू नका.

लावला. मला वाचता येते तेवढं मी वाचलं आणि वाचता-वाचता एक गोष्ट दिसली, जी काही वाचायची नव्हती.

"ह्या तारखा काही खान्याच्या डाव्या भिंतीला चिकटल्या, काही उजव्या. काहून?"

"ते तसंच येतं," कुंदाताई म्हणाली. "मी नाही केलं."

"डाव्या भिंतीवाल्या बघा. पंधरा, सोळा, एकोणीस, बावीस. उजव्यावाल्या बघा. दोन, पाच, अकरा, बारा. उजवीकडं बाराच्या वर एक तरी आहे का?"

तिनं बोट वरून खाली नेलं. एकही नव्हती.

मग मी भगवानरावच्या ओळीवर बोट ठेवलं. "ह्याचा एक दिवस कोणी काढला?"

ती दाराकडं बघून हळूच म्हणाली, "भाभी, त्या ओळींत वजाबाकी येतच नव्हती. नुसती जाळी-जाळीची खूण येत होती. माझ्या मुलाला, अनिकेतला विचारावं तर तो फोन उचलत नाही. साहेबाला विचारलं तर म्हणतील, येत नाही तर खुर्ची सोडा. म्हणून त्या मी बोटांवर मोजून टाकल्या."

म्हणजे मशीनला जे जमलं नाही ते ह्या बाईनं बोटांवर मोजलं आणि बरोबर आलं. मशीनला जमलं तेवढंच चुकलं. मी कपाळाला हात लावला. हसू आलं आणि तिला थोबाडीत मारावी असंही वाटलं, दोन्ही एकदम.

"ह्या अकरा-नऊला विचारा, तुझा महिना कोणता," मी म्हटलं.

तिनं काहीतरी दाबलं, दोनदा चुकलं, मग खान्यात अक्षरं आली. मी वाचली. नोव्हेंबर ९.

म्हणजे कॉम्प्युटरच्या हिशेबानं माझ्या माणसाच्या डोळ्यात औषध अजून पडलंच नाही. पुढच्या महिन्यात पडणार. आणि मी त्याला डिसेंबरात दवाखान्यात नेणार.

कुंदाताई रडायला लागली. म्हणाली, "डब्यातून आला तसा चालू केला हो. त्याला आपल्याकडची तारखेची रीत सांगावी लागते हे मला कोणी सांगितलंच नाही. चौदा माणसं बाहेर ठेवली मी."

मी म्हटलं, रडा नंतर, दहा तारीख उद्या आहे. ही दहाच म्हणा, अजून कोणता महिना करू नका.

मी तिथंच बसली दिवसभर. ती एकेक फॉर्म वाचायची, मी मोठ्यानं महिन्याचं नाव घ्यायची, ती अक्षरात लिहायची. सप्टेंबर, सप्टेंबर, ऑगस्ट, सप्टेंबर. चौदाच्या चौदा सात दिवसांच्या आत. तिनं आपल्या डब्यातली अर्धी पोळी मला दिली. भाजी अळणी होती, मी सांगितलं.

घरी उशिरा आली. थेंब दोनदाच. हे आपलेच घालू गेले होते, गालावर ओघळ वाळलेला.

१० ऑक्टोबर, मंगळवार

नरहर साहेब आज आले. मी, डोमाजी, बसंतीबाई तिघंही हजर. साहेब म्हणाले, यादी नागपूरला गेली, गाड्या भरल्या, आता बदलायची तर कारण द्यावं लागेल. कागदात चूक होती असं लिहू या, फॉर्म नीट भरले नव्हते.

फॉर्म नीट भरले नव्हते! म्हणजे परत आमच्याच माथी. मी तोंड उघडणार एवढ्यात कुंदाताई उभी राहिली.

"फॉर्म बरोबर होते साहेब. चूक माझी आहे. तसंच लिहा. माझं नाव लिहा."

साहेबांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि तिच्याकडं पाहिलं. मग कागद ओढला.

मी घरून भांडण पाठ करून आणलं होतं, ते सगळं तोंडातच राह्यलं. जिना उतरताना एवढंच म्हटलं, "ताई, पंप बिघडला तर आणा."

"माझ्याकडे पंप नाही भाभी."

"मग चहा प्यायला या."

सतराच्या गाडीत तिघांचीही नावं. बाकीच्यांसाठी तिसरी गाडी करणार.

थेंब तीनदा.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

थेंब तीनदा. ह्यांना म्हटलं, जिंकली मी. म्हणाले, "मालूम होतं." माझ्याकडं बघून म्हणायचं होतं ते माझ्या मागच्या घडोंचीकडं बघून म्हणाले.

बॅगेत काय ठेवलं ते लिहिते. दोन लुंग्या, टॉवेल, कार्ड, थेंबाची बाटली, ही वही.

ऑक्टोबर महिन्याची सतरावी तारीख, मंगळवार, साल दोन हजार सतरा. नागपूर

डोमाजीभाऊचे डोळे वाचले, औषध दिलं. बसंतीबाईला चष्मा लागेल. ती विचारत होती, लाल दांड्यांचा मिळते का.

आमचा नंबर शेवटी. डॉक्टर तरुण, आवाज हळू. ह्यांचा डावा डोळा झाकला आणि विचारलं, बाबा, किती बोटं?

हे डॉक्टरच्या आवाजाकडं वळले.

डॉक्टरनं हात जवळ आणला. अजून जवळ. बॅटरी लावली. मी म्हटलं, सांगा ना, दोन आहेत. डॉक्टरनं मला हातानं थांबवलं.

मग विचारलं, "ह्या उजव्या डोळ्यानं कधीपासून दिसत नाही?"

मी म्हटलं, दिसते त्यांना. दुकान चालवतात. सगळं करतात.

हे म्हणाले, "जैबुन, वही आणली ना? पाह्य त्यात. ज्या दिवशी चहा सांडला."

मी वही काढली. मागून पानं उलटली. बोट ठेवून वाचलं. २८/९ गुरुवार. पान अजून चहानं पिवळं. डॉक्टर म्हणाले, अजून काय लिहिलंय वाचा. मी वाचत गेली. सही रेघ सोडून. नोझल दुसऱ्या डब्यात. फडकं मांडीवर. अरसलानचा खांदा. मूठ चाचपडून. सगळं माझ्याच अक्षरात होतं, तारखेसकट. डॉक्टर एकेक तारीख लिहून घेत होते आणि माझा आवाज बारीक होत गेला.

म्हणाले, उजवा आता उशीर झाला. डाव्यातही पसरत होतं, पण आज आलात म्हणून धरता येईल. उद्या सकाळीच ऑपरेशनला घेऊ. जानेवारीत आणलं असतं तर दोन्ही गेले असते.

बाहेर बाकावर बसवून मी विचारलं, मला काहून नाही सांगितलं? जोरात विचारलं, सगळा व्हरांडा वळला.

"तुले सांगतलं असतं तं तू त्या सोमवारीच जाऊन बसली असती, माह्या घाईनं डोळा गेला म्हणत," ते म्हणाले. "म्या खटका दाबला तिथं. मंग दारव्ह्याले कोण गेलं असतं?"

मी वही मिटून बॅगेत ठेवली.

थेंब नर्सनं घातले, दोन, डाव्यातच. मग चहा आला. मी बाकावर त्यांच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसली आणि कप त्यांच्या डाव्या हाताला ठेवला.